बदली आप्पा

पाणीपुरवठा खात्यातल्या हेडक्लार्कना विनोदाची आवड होती. त्यांच्या बायकोला त्यांच्या विनोदाची नव्हती. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात त्यांनी घरात केलेल्या एकाही विनोदाला ती हसल्याची नोंद नाही. ती मुळात हसतच नसती तर एक वेळ चाललं असतं; माणूस नशिबाला बोल लावून मोकळा होतो. पण दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर 'आप्पा घरीच आहेत' लागलं, की हीच बाई पोट धरधरून हसायची. आप्पा नुसते खोकले तरी हसायची. हेडक्लार्क खोकले, की खिडकी लावून घ्यायची.

तर या आप्पांचं काम करणाऱ्या नटाने एके दिवशी मालिका सोडली. चौदा वर्षं चाललेली मालिका. पहिल्या भागात पाळण्यात असलेली आप्पांची नात आता उलट उत्तरं द्यायला लागली होती. वर्तमानपत्रात कारण छापून आलं ते गुडघेदुखीचं. खरं कारण वेगळंच होतं. चौदा वर्षांत, म्हणजे जवळजवळ सातशे भागांत, आप्पा मालिकेतल्या बायकोशी झालेलं एकही भांडण जिंकले नव्हते. नटाचं म्हणणं, एकदा तरी जिंकू द्या. लेखकाचं म्हणणं, आप्पा जिंकले त्या दिवशी मालिका संपली. दोघंही हट्टाला पेटले आणि नट आपल्या घरी जाऊन बसला. तिथे तो जिंकतो की नाही याची माहिती मिळू शकली नाही.

यात हेडक्लार्कचा संबंध आला तो पाण्यामुळे. त्याच आठवड्यात स्टुडिओचे नळ चार दिवस कोरडे होते. आधीच आप्पा गेलेले, त्यात पाणी गेलेलं, अशा अवस्थेत दिग्दर्शक तणतणत खात्याच्या कचेरीत शिरला आणि हेडक्लार्कच्या टेबलावर हात आपटून म्हणाला, "तुमच्याकडे पाणी आहे की नाही?"

हेडक्लार्कनी पेनाला टोपण लावलं, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि म्हणाले, "पाणी आहे. ते तुमच्याकडे येत नाही, एवढंच."

दिग्दर्शकाने टेबलावरचा हात उचलला. मग खुर्ची ओढून बसला. "पुन्हा म्हणा," तो म्हणाला.

वीस वर्षांत पाणी मागायला आलेल्या कोणीही हेडक्लार्कना 'पुन्हा म्हणा' असं म्हटलं नव्हतं. लोक साधारणपणे पहिल्यांदा ऐकूनच आरडाओरडा करत. त्यांनी पुन्हा म्हटलं. दिग्दर्शकाने त्यांना उभं राहायला सांगितलं, खिडकीपर्यंत चालायला सांगितलं, मग स्टुडिओच्या तक्रारीची फाइल शोधायला सांगितलं. फाइल तीन कपाटं उघडूनही सापडली नाही. ती शोधताना हेडक्लार्कच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही, हे पाहून दिग्दर्शकाची खात्रीच पटली.

"साहेब," तो आवाज खाली आणून म्हणाला, "आप्पा व्हाल का?"

खात्याच्या नाट्यस्पर्धांत हेडक्लार्कनी आजवर तीनदा पोलीस आणि एकदा प्रेत केलं होतं. प्रेताच्या कामाला उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्रक होतं. दिग्दर्शकाचं बोलणं ऐकून त्यांच्या डोळ्यांसमोर प्रसिद्धी, हारतुरे वगैरे काही आलं नाही. आली ती गुरुवारची संध्याकाळ, टीव्हीसमोर बसलेली बायको आणि तिला पोट धरून हसायला लावणारे आपण. एवढ्यासाठी माणूस काय वाटेल ते करेल. ते हो म्हणाले.

घरी त्यांनी ही बातमी जेवताना सांगितली. आधी दोनदा घसा साफ केला.

"अगं, मी आप्पा होतोय."

बायकोने डाव हवेत तसाच धरला. "मग आप्पा कुठे जाणार?"

"ते गेलेच आहेत. त्यांचे गुडघे..."

"त्यांचे गुडघे दुखतायत आणि तुम्ही त्यांच्या खुर्चीत जाऊन बसणार? बरं दिसतं का ते?"

"मी नाही बसलो तर दुसरा कोणीतरी बसेल."

"मग बसू दे की दुसऱ्याला. आपल्या घरातलाच कशाला हवा?"

पुढचे दोन दिवस घरातलं संभाषण मुलीमार्फत झालं. "विचार त्यांना, चहा हवाय का," बायको म्हणायची. "कोणाला?" मुलगी उगाच विचारायची. "ज्यांना लोकांच्या जागा लागतात त्यांना." तिसऱ्या दिवशी बायको इमारतीतल्या पाचजणींना घेऊन त्या नटाच्या समाचाराला गेली आणि डोळे पुसतच परत आली. "किती खंगलेत हो," ती मुलीला म्हणाली. "तरी डाव्या पायाने लंगडत दारापर्यंत सोडायला आले." त्याच्या दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क नमस्कार करायला गेले, तेव्हा नट उजव्या पायाने लंगडत होता. हेडक्लार्कनी हे कोणालाही सांगितलं नाही. नटाने नटाची अब्रू राखावी, एवढं त्यांना आता कळायला लागलं होतं.

इमारतीत ही बातमी पाण्याच्या आधी वरच्या मजल्यावर चढली. निवृत्त मास्तर सकाळी सातला दाराशी हजर झाले आणि हेडक्लार्कना गच्चीवर घेऊन गेले. तिथे त्यांनी त्यांना या टाकीपासून त्या टाकीपर्यंत अकरा वेळा चालवलं.

"चुकतंय," मास्तर म्हणाले. "आप्पा आधी खांदा पुढे टाकतात, मग पाय. तुम्ही आधी पाय टाकता."

"मास्तर, सगळेच आधी पाय टाकतात."

"म्हणून तर सगळे आप्पा नाहीत."

शेजारच्या दंतवैद्यांचं निरीक्षण आणखी खोल होतं. आप्पांच्या पुढच्या दोन दातांत फट होती. हेडक्लार्कच्या नव्हती. "मी पाडून देतो," ते म्हणाले. "दहा मिनिटांचं काम. शेजारधर्म म्हणून करतो." हेडक्लार्कनी तोंड मिटून नकार दिला आणि पुढचे चार दिवस दंतवैद्यांसमोर ते मिटलेलंच ठेवलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर 'नवीन आप्पांबाबत सभासदांच्या भावना' असा एकच विषय ठेवून सभा बोलावली. या बदलाशी सोसायटीचा काहीही संबंध नाही, असा ठराव तीत अकरा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. ते एक मत हेडक्लार्कचं होतं. बायको तटस्थ राहिली, एवढाच त्यातल्या त्यात आशेला आधार.

हे सगळं त्यांनी सहन केलं असतं. पण सरकारी नोकराला बाहेरचं काम करायचं तर खात्याची परवानगी लागते आणि परवानगीला अर्ज लागतो. हेडक्लार्कनी जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज 'विषय नीट लिहावा' असा शेरा मारून परत पाठवले होते. तेव्हा स्वतःच्या अर्जाचा विषय त्यांनी फार जपून लिहिला: 'बदली अभिनेता म्हणून काम करण्यास परवानगी मिळणेबाबत.' शब्द अगदी अचूक होता. एखादा कामगार गेला की त्याच्या जागी येतो तो बदली कामगार, तसा हा बदली अभिनेता. पण खात्याची शिस्त अशी होती, की आस्थापनेच्या कारकुनाने अर्जाच्या विषयातला पहिला शब्द वाचायचा आणि अर्ज त्या शब्दाच्या गठ्ठ्यात टाकायचा. सगळं वाचत बसलं तर कामं कधी व्हायची? ही शिस्त हेडक्लार्कनीच लावली होती.

शनिवारी हुकूम हातात पडला. हेडक्लार्कची, त्यांच्या विनंतीस मान देऊन, शहराबाहेरच्या पंपिंग स्टेशनवर बदली झाली होती.

"अरे, मी बदली मागितलीच नव्हती!" ते कारकुनाच्या टेबलाशी जाऊन म्हणाले.

"असं कसं साहेब? तुमच्या अक्षरात आहे. पहिलाच शब्द."

"पुढे वाच ना."

कारकुनाने आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या अर्जाचं पुढचं वाचलं. "अभिनेता म्हणून... अरे वा, म्हणजे खरंच तुम्ही का ते? आमच्या घरी फार चर्चा आहे." मग त्याने अर्ज होता तसा घडी घालून ठेवला. "पण आता हुकूम निघाला साहेब. लोक बदलीसाठी चपला झिजवतात. तुमची चार दिवसांत झाली."

"रद्द करून टाक."

"रुजू झाल्याशिवाय बदली रद्द करता येत नाही. तुमचंच परिपत्रक आहे."

होतं खरं त्यांचंच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

चित्रीकरण बुधवारी होतं. सोमवारी हेडक्लार्क पंपिंग स्टेशनवर रुजू झाले. लांबलचक शेड, तीत दोन पंप. एक अष्टौप्रहर धडधडत होता, दुसरा एका सुट्या भागाची वाट पाहत तीन वर्षं विश्रांती घेत होता. भिंतीवर पाण्याचा दाब दाखवणारी ताटाएवढी काचेची तबकडी, तिच्याखाली टेबल, टेबलावर तेलकट रजिस्टर. फोरमनने त्यांना काम समजावून दिलं. दर तासाला तबकडीवरचा काटा बघायचा आणि आकडा लिहायचा.

"काटा हलतो का?" हेडक्लार्कनी धडधडीवर आवाज चढवून विचारलं.

"नाही."

"आणि हलला तर?"

"तर पळायचं," फोरमन म्हणाला.

हेडक्लार्कनी ताबडतोब तीन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. फोरमनने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "स्टेशनच्या लोकांची रजा मुख्य कचेरीतले हेडक्लार्क मंजूर करतात."

"अहो, ते मीच."

"तुम्ही होतात. आता तिथे जागा रिकामी आहे. तुमची बदली झाली ना."

म्हणजे हेडक्लार्कची रजा मंजूर करायला हेडक्लार्क हवे होते आणि हेडक्लार्क तर इथे काट्याकडे बघत बसले होते. मंगळवारी ते पंपाला फोरमनच्या स्वाधीन करून मुख्य कचेरीत आले, तर जागा भरलेली. त्यांच्या खुर्चीत प्रभारी म्हणून आस्थापनेचा तोच कारकून बसला होता. त्याने रजेचा अर्ज घेतला, पेनाला टोपण लावलं, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि म्हणाला, "अर्ज आहे साहेब. तो पुढे जात नाही, एवढंच."

ते वाक्य हेडक्लार्कचं होतं. ते पोटावरचे हात त्यांचे होते. खुर्चीतली उशीसुद्धा त्यांची, घरून आणलेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कारकुनाला ते सगळं बरं जमत होतं. रांगेतला एक माणूस चक्क हसला. हेडक्लार्कना एकदम तो लंगडणारा नट आठवला. आपण त्याच्या दाराशी पेढे वाटायला आल्यासारखं तोंड करून उभे होतो आणि तो बिचारा कुठला पाय दुखायचा ते विसरला होता, हे आठवून त्यांना फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून बुधवार पुढे जात नाही. ते तसेच उठून मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी अर्ज वाचला. चष्मा काढला. चष्म्याशिवाय हेडक्लार्ककडे बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे ते नवे आप्पा तुम्ही?"

"हो साहेब."

"आमच्या घरी आठवडाभर कोणी धड जेवलेलं नाही."

"माफ करा साहेब."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी बदली रद्द केली, रजा दिली, बाहेरच्या कामाची परवानगी दिली आणि तिन्ही कागदांवर भराभर सह्या केल्या. "हे बघा," ते दाराकडे बघत हळूच म्हणाले, "या सह्या मी केल्या हे कुठे बोलू नका. माझी आई असते आमच्याकडे."

बुधवारी हेडक्लार्क सेटवर पोचले. आप्पांचा चेहरा बदलला कसा, हे प्रेक्षकांना सांगण्यासाठी लेखकाने आधी अपघात लिहिला होता, मग जुळा भाऊ, मग दोन्ही फाडून टाकलं होतं. शेवटी ठरलं ते असं: आप्पा केस कापायला जातात, परत येतात, बायको म्हणते, "केस कापून वेगळेच दिसताय हो," आणि संसार पुढे चालू. "समजावून सांगायला गेलं की लोक प्रश्न विचारतात," लेखक म्हणाला. खात्यातला वीस वर्षांचा अनुभव असल्याने हेडक्लार्कना हे लगेच पटलं.

पण खरा घोटाळा अजून व्हायचा होता. आप्पांच्या बायकोचं काम करणाऱ्या बाई मेकअप करून आल्या. हेडक्लार्क अदबीने उठून उभे राहिले. परक्या बाईशी कसं बोलायचं याचं वळण त्यांना आईने लावलं होतं. दोन्ही हात जोडून ते म्हणाले, "नमस्कार ताई."

दिवेवाल्याने जीभ चावली.

"चौदा वर्षं मी आप्पांची बायको आहे," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही आल्या आल्या मला बहीण करून टाकलीत. आता संसार कसा करायचा?"

सगळे हसले. हेडक्लार्क घामाने भिजले. जिभेचं असं असतं, की तिला एकदा नातं लावून दिलं की ती ते सोडत नाही. पहिलं वाक्य होतं, 'अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?' हेडक्लार्क म्हणाले, "अगं ताई, माझा चष्मा कुठे ठेवलात?" दुसऱ्यांदा 'ताई' गेली, 'ठेवलात' राहिलं. तिसऱ्यांदा 'ठेवलास' आलं आणि 'ताई' परत आली. अठरा वेळा हे झालं. अठराव्या वेळी बाईंनीच चष्मा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घे दादा." दिग्दर्शकाने काम थांबवलं. "उद्या जमलं तर जमलं," तो म्हणाला. "नाहीतर मी जुन्या आप्पांचे गुडघे धरायला जातो."

त्या संध्याकाळी हेडक्लार्कनी न्हाणीघराचं दार लावून तासभर 'अगं, अगं' म्हणून तालीम केली. सकाळी उठले ते त्याच नादात. चहाला बसले आणि बायकोकडे बघून म्हणाले, "ताई, जरा साखर द्या."

मुलीला ठसका लागला. बायकोने साखरेचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. "एवढंच ऐकायचं राहिलं होतं," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

हेडक्लार्क सेटवर गेले ते पार खचून. घरात बायको बोलत नाही, इमारतीत ठराव झालेला, कचेरीत आपल्या उशीवर दुसरा बसलेला. अभिनय वगैरे करण्याचं त्राणच अंगात उरलं नव्हतं. कॅमेरा सुरू झाला तेव्हा ते आप्पांच्या कपाटासमोर उभे होते. चष्मा शोधता शोधता त्यांनी बाईंकडे न बघताच, घरी जसं आपल्याशीच पुटपुटावं तसं काहीतरी पुटपुटलं. ते संहितेत नव्हतं. बाईंनी चौदा वर्षांच्या सवयीने पाठमोऱ्याच उत्तर दिलं. तेही नव्हतं. दिग्दर्शकाने 'कट' म्हणायला हात वर केला होता तो तसाच राहिला, आणि दिवेवाला इतका हसला की शिडीवरून उतरून बसला.

पुढच्या गुरुवारी तो भाग लागणार होता. सोसायटीतले सगळे नवीन आप्पांवर बहिष्कार टाकून आपापल्या घरी टीव्हीसमोर बसले. बायकोही बघणार नव्हती. साडेसातला पाच मिनिटं असताना ती भाजी निवडायला म्हणून टीव्हीसमोर येऊन बसली. हेडक्लार्क तिच्यामागे खुर्चीत. एवढी धडधड त्यांना फक्त पंपाची माहीत होती.

पडद्यावर न्हाव्याचं दुकान आलं. आप्पांचा पाठमोरा खांदा. मग आप्पा वळले.

"केस कापून वेगळेच दिसताय हो," पडद्यावरची बायको म्हणाली.

"वेगळे कसले, ओळखूच येत नाहीत," घरातली बायको भाजीकडे बघत म्हणाली.

हेडक्लार्कनी डोळे मिटले. मग कपाटाचा प्रसंग आला. आप्पांनी एक कप्पा उघडला, दुसरा उघडला, आणि त्यांचा थकलेला आवाज खोलीत उमटला: "या घरात जागच्या जागी सापडणारी वस्तू एकच. मी. आणि ती कोणी शोधत नाही."

"मग ती जरा बाजूला घ्या," पडद्यावरची बायको म्हणाली, "मला केर काढायचाय."

बायकोच्या हातातली भाजी खाली पडली. आधी तिने ओठ दाबून धरले, मग तिचे खांदे हलायला लागले, आणि मग ती पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. भिंतीपलीकडून दंतवैद्यही हसताना ऐकू आले. हेडक्लार्कचा ऊर भरून आला. हेच वाक्य त्यांनी महिन्यापूर्वी याच खोलीत, याच बाईला ऐकवलं होतं. त्यावर तिने उत्तरही हेच दिलं होतं, अगदी शब्दाला शब्द. फक्त तेव्हा तिच्या हातात खरोखरच केरसुणी होती आणि हसलं कोणीच नव्हतं. पण आज ती हसली होती. त्यांना राहवेना. ते खुर्चीतून पुढे वाकले.

"अगं, ऐक ना. हे वाक्य माझं आहे. आपल्याच घरातलं. गेल्या महिन्यात मी तुला इथेच..."

"शू!" बायको पडद्यावरची नजर न काढता, हाताने त्यांना मागे सारत म्हणाली. "जरा गप्प बसा हो. आप्पा बोलतायत."

हेडक्लार्क गप्प बसले आणि आप्पा काय बोलतात ते ऐकू लागले.